बाण्याला रोज एक वाटी

६ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई,

‘चि.’ लिहायला हात गेला होता, तो आवरला. बापाच्या गोदामाला सील ठोकायला सरकारी माणूस धाडणाऱ्या मुलीला पत्रात काय म्हणायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. तेव्हा तुझ्या जनावरांच्या दवाखान्याच्या पाटीवर आहे तेच म्हणतो.

काल सकाळी साडेनऊला इन्स्पेक्टर आला. मी ओलं शेवाळ जाळ्यांवर पसरत होतो, कोपरापर्यंत हातमोजे, नाकातून पाणी गळतंय. माणूस सभ्य होता. ‘काका, बसा जरा,’ म्हणाला. माझ्याच आवारात मला बसायला सांगितलं! मग गोदामाच्या दाराला कागद चिकटवला. कुत्र्यांच्या खाण्यात घालायच्या शेवाळाच्या पुडीचे दोनशेच्या वर डबे आत राहिले, मी बाहेर. माणसं खातात त्या हिरव्या शेवाळाला त्याने हात लावला नाही, खतवाल्याच्या पोत्यांनाही नाही. फक्त कुत्र्यांचे डबे. विचारलं, तक्रार कुणाची? त्याने कागद पुढे केला. खाली तुझी सही. ती मी हजारांत ओळखेन. शाळेत प्रगतिपुस्तकावर माझी सही तूच ठोकायचीस, तेच वळण अजून आहे.

एकतीस वर्षं शेवाळ वाळवतोय. तुझी पुस्तकं, तुझं वसतिगृह, तुझा तो गळ्यातला स्टेथोस्कोप, सगळं या शेवाळातून आलं. खाल्ल्या मिठाला जागायचं तुमच्या कॉलेजात शिकवत नसावेत. आणि कारण काय, तर बाजाराच्या कोपऱ्यावर पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवणारी कोणी एक बाई. माझ्या डब्यातलं खाऊन तिचं कुत्रं सुस्तावलं म्हणे. कुत्री सुस्तावतात. दुपारी मीही सुस्तावतो, माझं रक्त काढून कुणी तपासायला पाठवत नाही.

शंका होती तर आधी मला एक शब्द बोलायचं होतंस. बाप मेला नव्हता.

आता नीट वाच. बाण्या तुझा आहे. पिल्लू असताना तूच त्याला इथे आणलास, आणि दोन वर्षांपूर्वी भाड्याच्या खोलीत राहायला गेलीस तेव्हा तिथे कुत्रं चालत नाही म्हणून माझ्या गळ्यात मारलास. नऊ वर्षांचा घोडा झालाय, तरी अजून टेंपोच्या पुढे धावतो. पिल्लू होता तेव्हापासून जाळ्यांखाली सांडलेलं चघळत आलाय. उद्यापासून मी त्याला रोज पूड घालणार. चमचाभर नाही, वाटीभर. सकाळी दहाला, फाटकाबाहेर, चार लोकांदेखत. डब्यात न भरलेलं दीड पोतं घराच्या मागच्या खोलीत होतं, ते तुझ्या इन्स्पेक्टरला दिसलं नाही. साठ दिवस घालतो. मग बघू कोण तोंडावर आपटतं.

तुझा बाप
(कागदोपत्री)


२३ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई,

आज सतरावा दिवस. बाण्या ठणठणीत आहे.

दहाच्या ठोक्याला मी स्टूल घेऊन फाटकाबाहेर बसतो. माशाच्या पाण्यात पूड कालवतो, तो वाटी चाटूनपुसून साफ करतो. पहिले दोन दिवस दोघं-तिघं थांबले, आता दहा-बाराजण जमतात. न्हावी वस्तरा हातात घेऊन येतो, गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने त्याच्या मागे. परवा न्हावी म्हणाला, ‘काका, कुत्र्याचं ठीक आहे, तुम्ही खाल का?’ मी तिथल्या तिथे चमचाभर तोंडात टाकली. घसा खारट झाला, पण टाळ्या मिळाल्या. बर्फवाला म्हणाला, ‘आता भुंकून दाखवा.’ सगळे हसले. मी हसलो नाही. हे काम आहे, करमणूक नाही.

तुझं कार्ड पोचलं. ‘बंद करा. लगेच. पाणी भरपूर द्या.’ खाली दवाखान्याचा शिक्का. सही करायलाही हात झिजला असता का? पाणी तो आपणहून पितो. बादली दिवसातून तीनदा भरावी लागते. हे गाऱ्हाणं म्हणून लिहीत नाही, तहान लागणं निरोगीपणाचं लक्षण आहे म्हणून लिहितोय. दोनदा उलटी झाली, ती उन्हाने.

शिलाईवाल्या बाईला न्हाव्याकरवी निरोप धाडला होता, येऊन डोळ्यांनी बघ म्हणून. आली नाही. मी तिला कधी पाहिलेलं नाही, माझा माल दुकानातून जातो. पण खोटी माणसं न बघताही कळतात.

तुझी आई फाटकाबाहेर पाऊल टाकत नाही. दहा वाजले की मागच्या नळावर भांडी आपटत बसते. घासलेलीच पुन्हा घासते.

आणि डब्यावरची ती ओळ. ‘रोज एक चमचा. जास्त झालं तरी अपाय नाही.’ ती मी स्वतः लिहिलेली आहे आणि ती राहणार. तुझ्या इन्स्पेक्टरला सांग.

बाप


२६ मार्च

डॉक्टरीणबाई,

अठ्ठेचाळीस झाले. बाण्या चांगला भरलाय. पूर्वी बरगड्या मोजता यायच्या, आता गळपट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. न्हावी म्हणतो, काका, हा आता दुसरंच जनावर वाटतो. मी म्हटलं, बघा, पौष्टिक आहे म्हणून सांगत होतो ना?

टेंपोच्या पुढे हल्ली धावत नाही. वय झालं. फाटकाची एक पायरी आहे तिथे थांबतो, मग मी मागून जरा हात लावतो. हवा काही गार नाही तरी शेवाळ वाळवायच्या भट्टीला चिकटून झोपतो. तुझ्या आईने माझा जुना स्वेटर कापून त्याला घातलाय, कारण पाठीवरचे केस थोडे विरळ झालेत. केस येतात, जातात. माझे कुठे राहिले?

हे इतकं पुरे. दुसरंच एक लिहायचं आहे, आणि ते तुझ्यासाठी नाही. तुझ्या आईने माझी हजामत केली म्हणून लिहितोय.

झालं असं की मी फाटकाबाहेर नेहमीसारखा सांगत होतो, पोटच्या पोरीने आधी तोंडाने सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी होती. आत आलो तर ही दारात उभी. म्हणाली, ‘लोकांना काय सांगायचं ते सांगा. पण तिला पाठवता त्या कागदावर तरी खोटं लिहू नका.’

मग मी आठवल्यासारखं केलं. खरं तर विसरलो कधीच नव्हतो.

नोव्हेंबरात तू आली होतीस. बसने, हातात प्रयोगशाळेचा कागद. मी जाळ्या उलटत होतो. तू दुसऱ्या बाजूने जाळी धरलीस, लहानपणी धरायचीस तशी, आणि म्हणालीस, ‘बाबा, सगळं शेवाळ वाईट असं मी म्हणतच नाही. हे पातळ हिरवं, पापुद्र्यासारखं, ते धुऊन, मीठ-मसाला न लावता चिमूटभर दिलं तर कुत्र्याला काही होत नाही. पण डब्यात तुम्ही ही जाड तपकिरी पट्टी दळता. हिच्यात आयोडीन बेसुमार असतं. गळ्यात एक ग्रंथी असते, ती त्या माऱ्याने काम करायची थांबते. जनावर फुगतं, केस गळतात, थंडी वाजत राहते. आणि मीठ आहे ते वेगळंच.’

‘चमचाभराने?’ मी विचारलं.

‘कुठला चमचा? चहाचा की वाढायचा? तुम्ही लिहिलंय कुठे? ती बाई डावाने घालायची, कारण तुम्हीच लिहिलंय की जास्त झालं तरी अपाय नाही. बाबा, ती एक ओळ काढा. चमचा कुठला ते लिहा आणि मोठ्या अक्षरात लिहा की याहून जास्त देऊ नका. एवढंच मागते. कुणाला कळवणार नाही.’

मी काय म्हणालो? या हातांनी ही पट्टी समुद्रातून ओढली आणि याच हातांनी तुला वाढवलं, ते हात आता विषारी झाले काय, चालती हो. फाटक मीच लावलं. बाण्या फाटकाच्या गजांतून तुझ्या मागे ओरडत राहिला, त्यालाही मी लाथ दाखवली.

त्यानंतर तुझी दोन पत्रं आली. ती उघडली नाहीत. वजनकाटा डुगडुगत होता, त्याच्या पायाखाली घडी करून सारली आहेत. काटा आता नीट चालतो.

हे कबूल केलं म्हणजे माघार घेतली असं समजू नकोस. बारा दिवस उरलेत, वाटी चालू आहे. घेतलेलं सोडायचं नाही हा माझा गुण आहे. तुझ्यात तो कुठून आला ते तूच बघ.

बाप


७ एप्रिल

डॉक्टरीणबाई,

काल तुझ्या टेबलासमोर जे झालं ते तू पाहिलंस. त्याच्या आधीचं आणि बाहेरचं तू पाहिलेलं नाहीस, ते सांगतो. मग पुन्हा पत्र लिहिणार नाही.

काल एकोणसाठावा दिवस. सकाळी टेंपो मागे घेत होते. बाण्या बरोबर चाकाच्या वाटेत झोपलेला. ड्रायव्हरने भोंगा वाजवला, मी ओरडलो, न्हावी ओरडला. बाण्याने डोळे उघडले, टेंपोकडे बघितलं आणि परत मिटले. त्याला ऐकू आलं होतं. दिसलंही होतं. उठायचं त्राण नव्हतं. चाक वीतभर राहिलं तेव्हा मी त्याला स्वेटरला धरून ओढला. स्वेटर हातात आला, आणि त्याच्याबरोबर पाठीवरच्या केसांचा पुंजका. खालचं कातडं काळं, जाड, थंड. एप्रिलच्या उन्हात थंड.

फाटकाबाहेर दहा वाजता बघायला येणारी माणसं जमलेली होती. न्हाव्याने वस्तरा मिटून खिशात ठेवला. बर्फवाला आल्या वाटेने परत गेला.

मी तुझ्या आईला म्हटलं, याला पोरीकडे घेऊन जा. ती म्हणाली, ‘मी नेणार नाही. तुम्ही घातलंय, तुम्हीच उचला.’ अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात तिने मला असा नकार दिलेला मला तरी आठवत नाही.

उचलला. बसमध्ये चाळीस मिनिटं मांडीवर घेऊन बसलो. फार जड झालाय. तुझ्या दवाखान्याच्या बाहेर ती निळी बाकडी आहेत तिथे नंबर लावला. कंपाउंडरने मला ओळखलं नाही, बरं झालं. शेजारी एक बाई बसलेली, मांडीवर पांढरी कुत्री, शेपटीला केस नाहीत, उंदराची वाटावी तशी.

‘तुमच्याला काय झालंय?’ तिने विचारलं.

‘म्हातारा झालाय.’

‘किती वर्षांचा?’

‘नऊ.’

‘नऊ म्हणजे काही म्हातारपण नाही हो. माझी सहाची आहे, बघा काय दशा झालीय. एका माणसाने डब्यात भरून विष विकलं. डब्यावर लिहिलं होतं, कितीही घाला. मी हौसेने डाव भरभरून घातलं. पोरीला आवडायचंही. आता गोळी जन्माची लागलीय.’ मग कुत्रीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, ‘त्या माणसाचा राग येतो तो येतोच. पण स्वतःच्या हाताने घातलं ते काही मनातून जात नाही.’

बोटं बघितली तिची, सुईने चाळण झालेली. मघापासून बाण्या थरथरत होता. तिने अंगावरची शाल काढली आणि त्याच्यावर टाकली.

मी म्हटलं, ‘राहू द्या, कुत्र्याचे केस लागतील.’

‘केस आहेत कुठे त्याला?’ ती म्हणाली, आणि शाल त्याच्या पोटाखाली नीट खोचली.

मग तू आतून ‘पुढचे’ म्हणालीस.

आतलं तुला माहीत आहे, तरी माझ्या बाजूने लिहितो. तू मान वर केलीस, मला बघितलंस. बाण्याचे डोळे बघितलेस, हिरड्या बघितल्यास, गळा चाचपलास. कंपाउंडरने केसपेपर घेऊन मालकाचं नाव विचारलं. तू त्याला म्हणालीस, ‘ते राहू दे. काय खायला घालतात, विचार.’ मी चार फुटांवर उभा होतो, आणि तू त्याला विचारायला सांगितलंस! कोर्टात आरोपीशीही थेट बोलतात.

तो म्हणाला, ‘काका, काय खायला घालता?’

दार उघडं होतं. ती बाई पहिल्याच बाकड्यावर, तिची कुत्रीही कान टवकारून. मासे-पाव म्हटलं असतं तर चाललं असतं. तुला खरं ठाऊक होतं आणि तू काही बोलली नसतीस. पेन हातात धरून थांबली होतीस. मी म्हटलं, ‘शेवाळ. तपकिरी पट्टीची पूड. रोज एक वाटी, अठ्ठावन्न दिवस.’ कंपाउंडर म्हणाला, ‘वाटी? चुकून का?’ मी म्हटलं, ‘मुद्दाम. डबे माझेच आहेत.’

ती बाई उठून आत आली. मला वाटलं, आता शिव्या घालेल. शिव्या मला चालल्या असत्या, मी तयार होतो. तिने बाण्याच्या अंगावरची शाल उचलली, झटकली, घडी घातली आणि कुत्रीला घेऊन गेली. गोळ्या घ्यायला आली होती, त्याही न घेता.

मग तू म्हणालीस, ‘कुत्रा इथे राहील.’ हे मात्र मला.

घरी येऊन मागच्या खोलीतलं उरलेलं पोतं खतात ओतलं. इन्स्पेक्टरला माझ्या हाताने अर्ज लिहिला, गोदामातले सगळे डबे नष्ट करावेत, माझी हरकत नाही, पुन्हा भरणार नाही. वजनकाट्याखालची तुझी पत्रंही काढली. दुसऱ्या पत्रात तू डब्यावर छापायचा मजकूर स्वतः लिहून पाठवला होतास. पाच ओळी. माझ्यापेक्षा बरा होता. काटा पुन्हा डुगडुगायला लागलाय.

माझा राग गेला असं समजू नकोस. तू तक्रार केलीस त्याचा राग एक, आणि तू बरोबर होतीस त्याचा राग दुसरा. दुसरा जास्त आहे.

बाप


२८ मे

बाबा,

तुमची चारही पत्रं खणात आहेत. उत्तर लिहिणार नव्हते. आई रोज फोन करते, तिला मी सगळं सांगते, आणि ती तुम्हाला काही सांगत नाही असं कळलं. म्हणून लिहिते.

बाण्याचं रक्त तीनदा तपासलं. ग्रंथी परत कामाला लागतेय. गोळी चालू आहे, पुढे कमी करता येईल असं वाटतं, खात्री देत नाही. मिठाने मूत्रपिंडांवर ताण आलाय, तो किती भरून येईल ते आज सांगता येणार नाही. पाठीवर बारीक केस उगवलेत. जिना आपणहून चढतो. धावत नाही.

शिलाईवाल्या बाई दुसऱ्या दिवशी गोळ्या न्यायला आल्या. ते माझे वडील, असं मी त्यांना सांगितलं. तोवर त्यांना माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, ‘दिसतं.’ काय दिसतं ते मी विचारलं नाही. त्यांची कुत्री आहे तशीच राहणार. त्यांनी तुम्हाला माफ करावं असं मला वाटत नाही, आणि तुम्ही त्यांच्याकडे मागायलाही जाऊ नका. त्या दुकानात एकट्या असतात, तुम्हाला बघून पुन्हा सगळं उगाळायला लागेल.

आता माझं. तुम्ही कंपाउंडरसमोर खरं सांगितलंत म्हणून हे सांगते, नाहीतर सांगितलं नसतं.

तुमच्या पहिल्याच पत्रात सगळं होतं. वाटी, दहा वाजता, साठ दिवस. बस चाळीस मिनिटांची आहे. खोली मी जानेवारीतच बदलली होती, नव्या जागेत कुत्रं चालतं. मी त्याच दिवशी येऊन त्याला उचलून आणू शकले असते, तुम्ही काय केलं असतंत? ओरडला असतात. तुमचं ओरडणं मला नवीन नाही. साठ दिवसांत त्याचं काय होईल हे तुम्हाला माहीत नव्हतं. मला दर आठवड्याचं माहीत होतं. मी एक कार्ड पाठवलं आणि थांबले. तुमची दुसरी, तिसरी पत्रं वाचताना पाण्याच्या बादल्या, गळपट्ट्याचं भोक, भट्टीजवळ झोपणं, सगळ्याखाली पेन्सिलीने रेघा मारल्या, आणि प्रत्येक रेघेला मनात म्हटलं, बघा. मला तुम्ही चुकलेले बघायचं होतं. फाटकाबाहेर, त्याच माणसांसमोर.

कंपाउंडर मला विचारणार नाही. तो मला मॅडम म्हणतो.

त्यामुळे बाण्याला तुमच्याकडे पाठवणार नाही हे जितकं खरं, तितकंच तो माझ्याकडे सुखरूप आहे असं म्हणताना माझी जीभ अडखळते. तो मात्र माझ्या पायावर डोकं ठेवून झोपतो. त्याला यातलं काही कळत नाही, किंवा कळतं आणि तो मनावर घेत नाही.

रविवारी दवाखाना बंद असतो. अकरा वाजता मी त्याला मागच्या मैदानात मोकळा सोडते. यायचं असेल तर या. मी बोलेन असं नाही.

खायला काही आणू नका.